दर दीड तासाने

"उद्या रुद्र आपल्याकडे जेवेल, पण घास त्याच्या घशाखाली उतरणार नाही!" लॅपटॉपवर थाप मारून शेखरने जाहीर केले.

"का? भाजी खारट करू की काय?" वेदिकेने विचारले.

शेखर नाशकातल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत असे. एके काळी त्याच्याच बाकावर बसणारा रुद्र बंगळुरूत कृष्णविवरांवर संशोधन करत असे. शेखरचे सारे दुःख या दोन वाक्यांत मावत होते. उरलेले वेदिकेच्या एका 'अगंबाई!'त होते. गालावर हात, डोळे विस्फारलेले, आणि मग ते 'अगंबाई!'. रुद्रचा नुसता फोन आला तरी ते उमलत असे. शेखरच्या वाट्याला ते लग्नानंतर एकदाच आले. त्याच्या हातून तुपाची बरणी फुटली तेव्हा!

अंतराळातल्या दुर्बिणींनी टिपलेली जुनी निरीक्षणे सर्वांना खुली असतात. शेखरने त्यांतले एक कृष्णविवर निवडले होते. शेजारच्या ताऱ्याचा वायू ओरबाडणारे, आणि गिळण्यापूर्वी त्याला इतके तापवणारे की त्यातून क्ष-किरण उसळावेत. स्वतः काळोखात बसून जवळ येणाऱ्याला जाळायचे, ही रीत शेखरला कुणी समजावून सांगावी लागली नाही.

आणि आज सापडले! क्ष-किरण उजळत होते, मावळत होते, पुन्हा उजळत होते. दर दीड तासाने, अगदी नेमाने!

"विवराचे ठोके आहेत हे, वेदिका! आजवर कुणी ऐकले नाहीत!"

"मग एकदा रुद्रला विचारून घे ना."

"त्याला? आता तो मला विचारेल!"

वेदिकेने कौतुकाने दिंडोरीला आपल्या पुंजामामांना फोन केला. पुंजामामा द्राक्षबागाईतदार, त्यांचा आनंद फ्लेक्सशिवाय व्यक्त होत नसे. रविवारी सकाळी ते पिकअपमधून फ्लेक्स घेऊनच उतरले. एका बाजूला गॉगल लावलेला शेखर, दुसऱ्या बाजूला हात जोडलेले मामा आणि मधोमध एक काळेकुट्ट वर्तुळ. लांबून टायरच्या दुकानाची जाहिरात वाटत होती!

"जावईबापू, लय भारी झालंय ना?"

"उत्तम! फक्त रुद्रची रिक्षा थांबेल तिथेच बांधा."

खालच्या मजल्यावरच्या मंगलाबाई धावत वर आल्या.

"शेखरभाऊ, सुनेला दिवस गेलेत हो. हे विवर ग्रहणासारखं पाळायचं का?"

कीर्तीने माणूस उदार होतो. "पाळा थोडंसं," शेखर म्हणाला.

रुद्र आला. फ्लेक्सपुढे क्षणभर थांबला, वर येऊन त्याने आलेख पाहिला आणि गप्प झाला. शेखरला ती शांतता बासुंदीहून गोड लागली.

"शेखर," रुद्रने हळूच विचारले, "ही दुर्बीण पृथ्वीभोवती किती वेळात फिरते रे?"

"दीड..." शेखरने पुन्हा आलेखाकडे पाहिले.

"दर फेरीत काही वेळ पृथ्वी मध्ये येते. विवर तिच्याआड जातं. तेवढा वेळ वगळायचा राहिला बहुतेक."

विवर आपल्या जागी अखंड जळत होते. घिरट्या चालल्या होत्या त्या आपल्याच, आपल्याच घराभोवती.

"म्हंजे मधी आपलीच पृथ्वी आडवी?" मामा ओरडले. "आन् मग फ्लेक्सचं काय?"

"द्राक्षांच्या पेट्या झाकायला होईल, मामा," वेदिका म्हणाली. तिने शेखरकडे पाहिलेसुद्धा नाही.

तरीही शेखरपाशी एक दिलासा उरला होता. फजिती भव्य होती आणि ती सर्वस्वी त्याची होती. इथे तरी रुद्र त्याच्या पासंगाला पुरणार नव्हता!

तेवढ्यात रुद्रने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मनाला लावून घेऊ नकोस. पहिल्या वर्षी मीही हेच केलं होतं. तू निदान घरात बोललास; मी तर परिषदेत भाषण ठोकलं, भरल्या सभागृहात!"

वेदिकेचा हात गालावर गेला. डोळे विस्फारले.

"अगंबाई! भरल्या सभागृहात?"

शेखरची नजर सावकाश तुपाच्या नव्या बरणीकडे वळली.