अहिंसक पद्धतीने

उंदीर सापडला तो नेमका निवडणुकीच्या दिवशी, सकाळी साडेआठला, आणि तोही जिवंत. सिल्व्हर पार्कातल्या सुप्रभात सोसायटीच्या पाचव्या मजल्यावर, तुळशीराम पाष्ट्यांच्या स्वयंपाकघरात, गॅस सिलिंडरच्या मागे तो ग्लू पॅडवर पडला होता. चारही पाय आणि एक गाल चिकटलेला. एक डोळा तेवढा मोकळा होता आणि त्या डोळ्याने तो तुळशीरामांकडे बघत होता.

अकरा वाजता खाली पार्किंगमध्ये वार्षिक सभा होती आणि तिच्यात सेक्रेटरीची निवडणूक. तुळशीराम एका औषध कंपनीच्या गोदामात स्टोअरकीपर होते. सत्तावीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या सह्या गोळा केल्या होत्या. एकदा तरी एखाद्या कागदाखाली आपली सही असावी आणि तिच्या शेजारी गोल शिक्का, एवढीच त्यांची आयुष्याकडून मागणी उरली होती. मागे दोनदा ते उभे राहिले आणि पडले. दुसऱ्यांदा त्यांना सहा मतं मिळाली होती. त्या विषयावर घरात अजून कोणी बोलत नसे.

या खेपेला मात्र त्यांनी मुद्दा बरोबर धरला होता. मागच्या प्लॉटवर नवं बांधकाम सुरू झालं तसे तिथले उंदीर बिऱ्हाड घेऊन सुप्रभातमध्ये राहायला आले होते. लिफ्टची वायर त्यांनी खाल्ली. तिसऱ्या मजल्यावरच्या नीलमताईंच्या नव्या कोऱ्या सोफ्यात त्यांनी संसार थाटला. तुळशीरामांनी पत्रक काढलं, ‘एका वर्षात उंदीरमुक्त सुप्रभात’, आणि ते घेऊन ते समोरच्या फ्लॅटमधल्या अल्पेशभाईंकडे गेले. अल्पेशभाईंच्या शब्दावर बिल्डिंगमधली चौदा मतं इकडची तिकडे होत. त्यांनी पत्रक दोनदा वाचलं.

"मुक्त मतलब? मारोगे क्या?"

तुळशीरामांनी जागच्या जागी खिशातलं पेन काढलं आणि वर लिहिलं, ‘अहिंसक पद्धतीने’. ती पद्धत कुठली, हे अल्पेशभाईंनी विचारलं नाही. विचारलं असतं तरी पंचाईत झाली असती, कारण तुळशीरामांनाही ती ठाऊक नव्हती.

आता ती पद्धत सिलिंडरमागे चिकटून पडली होती. उंदीर मारल्याचं कळलं तर अल्पेशभाईंची चौदा मतं गेली. सोडल्याचं कळलं तर उरलेली सगळी गेली, कारण त्या लोकांचा माणूस, म्हणजे चालू सेक्रेटरी बबनराव, सरळ विष घाला म्हणत होता. आणि उंदीरमुक्तीच्या उमेदवाराच्याच ओट्याखाली उंदीर निघाला हे बाहेर फुटलं, तर हसून हसूनच सभा तहकूब झाली असती.

"आधी ते उचला," त्यांची बायको लक्ष्मी म्हणाली. "मला पोहे टाकायचेत. ते बघतंय इकडे."

"उचलतो गं. दुकानदाराने सांगितलंय, पुस्तक मिटतात तसं मिटायचं आणि कचऱ्यात टाकायचं. आपण मारत नाही. पाप लागत नाही."

"मग कोण मारतं?" त्यांची मुलगी दिशा आतल्या खोलीतून येत म्हणाली. ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि फोन हातात घेऊनच उठायची.

"कोणीच नाही. ते आपलं आपण..."

"दोन-तीन दिवस तडफडतं, पप्पा. भुकेनं, तहानेनं. स्वतःचा पाय कुरतडून सुटायला बघतं. हे बघा ना, सगळ्यात क्रूर पद्धत हीच आहे म्हणून लिहिलंय. कितीतरी ठिकाणी बंदी आहे."

"बरं, मग बादलीत बुडवू."

"दमेपर्यंत पोहत राहतं आणि मग गुदमरतं."

"बबनरावाचं औषध?"

"त्यानं आतल्या आत रक्त वाहत राहतं. चार-पाच दिवस चालतं ते."

"अगं मग माणुसकीची पद्धत आहे तरी कुठली?"

दिशाने फोनवर बोट सरकवलं. वाचताना तिचा आवाज जरा खाली आला. "डोक्यात एक फटका. जोरात आणि नेमका. एकाच फटक्यात शुद्ध गेली पाहिजे. चुकला तर मग तेही क्रूरच."

जगभरातल्या दयाळू लोकांनी एवढा अभ्यास करून शेवटी काठीच सुचवावी, हे तुळशीरामांना काही केल्या पटेना. पण साडेनऊ होत आले होते. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि ओट्यावरचं लाटणं उचललं.

"माझं लाटणं खाली ठेवा," लक्ष्मी म्हणाली.

मग त्यांनी मॉपचा दांडा घेतला आणि नेम धरून उभे राहिले. चिपळूणजवळच्या त्यांच्या गावी हे काम आजोबा करत आणि त्या वेळी लहानगे तुळशीराम डोळे मिटून घेत. आता आजोबांच्या जागी ते स्वतः होते, आणि डोळे मिटले तर फटका नेमका कसा बसणार, ही नवीनच अडचण उभी राहिली. उंदीर बारीकसं चिरकला. दांडा आपोआप खाली आला, पण फरशीवर, हळूच.

तेवढ्यात दारात विमलाबाई उभी राहिली. दर रविवारी ती राई गावाहून मासळीची पाटी घेऊन यायची. तिला बघून तुळशीरामांचा जीव भांड्यात पडला.

"विमलाबाई, बरं झालं आलात. कोयता आणलाय ना? आत या, एक बारीकसं काम होतं."

विमलाबाईने सिलिंडरमागे वाकून बघितलं. "उंदीर हाय."

"हो."

"जिता हाय."

"म्हणून तर तुम्हाला म्हटलं."

"मी न्हाय मारायची. गनपतीचा हाय तो."

"अहो, तुम्ही रोज शंभर मासे मारता."

विमलाबाईने पाटी खाली ठेवली. हा आळ तिच्या वर्मी लागला होता. "मी? दादा, मी जल्मात एक मासली मारली न्हाय. ती पान्यातना भायेर येते नि आपली आपन मरते. मी कापते ती मेलेली."

ग्लू पॅड विकणाऱ्या दुकानदाराचंही म्हणणं हेच होतं. विमलाबाईला मात्र त्यांची दया आली. "त्याला त्याल लाव," ती पाटी डोक्यावर घेत म्हणाली. "त्यालान सुटंल. मंग सोड कुठं बी. पन आमच्या राईला नको. तुमची लोकं पिशव्या भरभरून आनतात नि तिथंच सोडतात."

ती गेली. तुळशीरामांनी लक्ष्मीच्या खोबरेल तेलाची बाटली आणली. आधी तेल लावून बघू, नाहीच जमलं तर डोळे उघडे ठेवून फटका मारू, असं ठरवून ते एका हातात बाटली आणि दुसऱ्या हातात दांडा घेऊन उंदरासमोर गुडघ्यावर बसले. विमलाबाईने जाताना दार उघडंच टाकलं होतं. उमेदवाराला सन्मानाने खाली न्यायला आलेले अल्पेशभाई बेल न वाजवताच आत आले आणि थेट स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

माणसाला जे बघायचं असतं तेच दिसतं. अल्पेशभाईंना बाटली दिसली. दांडा दिसलाच नाही.

"तुलसीभाई," ते कळवळून म्हणाले, "आप इसको बचा रहे हो?"

"प्रयत्न चालू आहेत," तुळशीराम म्हणाले आणि दांडा पाठीमागून लक्ष्मीकडे सरकवला.

"बापा, चुनाव के दिन भी. देखो भाभी, इसको बोलते हैं आदमी." अल्पेशभाई चक्क फतकल मारून शेजारी बसले आणि मार्गदर्शन करू लागले. "धीरे, धीरे. पहले कान के पास. हां. अब पाँव." अर्धी बाटली संपली. दिशाने प्लास्टिकच्या पिशव्यांचे हातमोजे करून उंदराच्या पायाखाली तेल सोडलं, पोटाखाली सोडलं, शेपटीला चोळलं. दिवाळीतही या घरात कोणाला इतकं निगुतीने तेल लागलं नव्हतं. लक्ष्मी बाटलीत किती तेल उरलंय ते बघत होती, आणि हे काही चांगलं लक्षण नव्हतं.

शेवटचा पाय सुटला आणि उंदीर उडाला. तो अल्पेशभाईंच्या मांडीवरून हॉलमध्ये, हॉलमधून पॅसेजमध्ये आणि पॅसेजमधून अल्पेशभाईंच्याच उघड्या दारात शिरला. आत त्यांच्या पत्नी हिनाबेन सभेत वाटायच्या ढोकळ्याचे तुकडे करत होत्या. त्यांची किंकाळी तळमजल्यावरच्या वॉचमनने ऐकली.

तुळशीराम धावत पोचले तेव्हा हिनाबेन स्टुलावर होत्या आणि अल्पेशभाई सोफ्यावर. आपण सोफ्यावर कधी चढलो हे अल्पेशभाईंना सांगता आलं नसतं. उंदीर स्वयंपाकघराच्या आतल्या बाजूला, कपडे धुवायच्या जागेत गेला होता. जिन्यात वरच्या-खालच्या मजल्यांवरची माणसं जमली होती आणि त्यांत नीलमताई सगळ्यांत पुढे होत्या.

"तुलसीभाई, प्लीज, कुछ करो," अल्पेशभाई म्हणाले.

"करतो. पण काय करू? पकडून सोडू, की..." त्यांनी हाताकडे बघितलं. लक्ष्मीने दांडा पुन्हा त्यांच्या हातात दिला होता.

अल्पेशभाईंनी डोळे मिटले. "वो आप देख लो. बस, हमको बताना मत."

"और आवाज भी नहीं आना चाहिए," स्टुलावरून हिनाबेन म्हणाल्या.

तुळशीराम आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. उंदीर कोपऱ्यात होता, तेलाने चकाकत. त्याने एकदा दांड्याकडे बघितलं, मग पाणी जायच्या भोकाकडे. एरवी त्या भोकात त्याचं डोकंही गेलं नसतं. आज तो तेलामुळे सुळकन आत घुसला आणि पाइपमधून खाली गेला. सगळा कारभार चार सेकंदांत आटपला. तुळशीरामांनी भोकावर जाळी बसवली आणि लगेच बाहेर पडलं तर बरं दिसणार नाही म्हणून दोन मिनिटं तिथेच उभे राहिले. मग दार उघडून म्हणाले, "झालं."

कोणीही काहीही विचारलं नाही. अल्पेशभाईंनी हात जोडले. त्यांना जे समजायचं होतं ते ते समजले. नीलमताई लक्ष्मीच्या कानाशी लागून म्हणाल्या, "एकाच फटक्यात ना? आवाजसुद्धा नाही आला हो. मानलं." त्यांना जे समजायचं होतं ते त्याही समजल्या.

"अहो, तसं नाही," तुळशीराम म्हणाले. "तो स्वतःच पाइपमधून..."

"नहीं, तुलसीभाई," अल्पेशभाईंनी कानांवर हात ठेवले. "बोल दिया ना, हमको नहीं सुनना."

"आम्हालाही नको," नीलमताई म्हणाल्या. "अजून नाश्ता व्हायचाय."

सभा वेळेवर सुरू झाली. बबनराव उठून उभे राहिले. ते रोखठोक गृहस्थ होते, आणि त्या दिवशी संपूर्ण सुप्रभातमध्ये शहाणपणाचा प्रश्न विचारणारे ते एकटेच निघाले. "पाष्टेसाहेब, मला एवढंच सांगा, तुमच्या या अहिंसक पद्धतीत शेवटी उंदराचं होतं काय?"

पार्किंगमध्ये गलका उसळला. लहान मुलं बसलीत इथे, कोणीतरी म्हणालं. ढोकळा हातात असताना काय विचारताय, दुसरं म्हणालं. बिचारा माणूस स्वतः पुढे होऊन करतोय तर करू द्या की, असं तर चहूबाजूंनी ऐकू आलं. तुळशीराम उत्तर द्यायला उभे राहिले होते. आपण काहीच केलं नाही, उंदीर आपल्या पायांनी गेला, हे त्यांना खरोखरच सांगायचं होतं, पण अध्यक्षांनीच त्यांना हाताने खाली बसवलं. बबनरावांना चार मतं पडली. उरलेली सगळी तुळशीरामांना.

लगेच पहिला ठराव झाला. कोणत्याही सभासदाकडे उंदीर सापडल्यास तो सेक्रेटरींच्या स्वाधीन करावा. सेक्रेटरी अहिंसक पद्धतीने योग्य ती कार्यवाही करतील. कार्यवाहीचे स्वरूप सभासदांना कळवू नये. सूचक अल्पेशभाई, अनुमोदक नीलमताई. खाली तुळशीरामांची सही झाली आणि शेजारी गोल शिक्का बसला, थोडा तिरका, पण ठळक.

संध्याकाळी सहापासून बेल वाजायला लागली. दार उघडावं तर बाहेर कोणी नसे. पायपुसण्यावर वर्तमानपत्रात ठेवलेला ग्लू पॅड असे आणि त्यावर जिवंत उंदीर. अर्ध्या तासात चार जमले. वर्षानुवर्षं लोकांनी घराघरांत हे काम कसं निभावलं होतं कोण जाणे, पण आता कोणालाच ते करायचं नव्हतं. पाचवा पॅड घेऊन बबनराव स्वतः आले आणि तेवढे मात्र पळाले नाहीत.

"मतभेद आपल्या जागी," पॅड पुढे करत ते म्हणाले. "औषध मी घालतो हो, पण ते खाऊन कुठेतरी लांब जाऊन मरतात, म्हणून जमतं. हा माझ्याकडे बघत होता."

"बबनराव, तुम्ही सकाळी जे विचारलंत ना, त्याचं उत्तर..."

"नको नको," बबनराव लिफ्टकडे वळत म्हणाले. "निवडणूक संपली आता."

पाच पॅड स्वयंपाकघरात ओळीने मांडले गेले. लक्ष्मीने त्यांच्यापुढे तेलाची उरलेली अर्धी बाटली ठेवली, तिच्या शेजारी मॉपचा दांडा ठेवला आणि आत जाऊन टीव्हीचा आवाज वाढवला. तुळशीराम खाली बसले. मग त्यांनी दिशाला हाक मारली. हिने तरी सगळं वाचलेलं आहे, हिला तरी खरं सांगावं, असं त्यांना फार वाटलं.

"दिशा, बस जरा. सकाळी आत नक्की काय झालं ते तुला सांगतो. मी त्याला हातसुद्धा..."

दिशाने पाचही पॅडांकडे बघितलं, मग बाटलीकडे आणि दांड्याकडे. तिचे डोळे भरून आले.

"नको, पप्पा," ती हळूच म्हणाली. "तुम्ही जे कराल ते बरोबरच कराल. मला सांगू नका पण."

तीही आत गेली. उभ्या आयुष्यात तुळशीरामांना कधी इतकं एकटं वाटलं नव्हतं. ते काही म्हणायच्या आत, आतून दाराची कडी लागल्याचा आवाज आला.