सुमनकाकूंचं फ्रेश आणि सेकंड

सुमनकाकूंच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या बायका आहेत: फ्रेश आणि सेकंड. डिंडोलीत आमच्या शेजारी राहायला येण्याआधी त्या बमरोलीच्या मिलमध्ये कापड तपासायच्या. निर्दोष ताका फ्रेश, डागाचा सेकंड. नोकरी सुटली, तपासणी सुटली नाही. गॅलरीत उभ्या राहून त्या खालून जाणारी प्रत्येक बाई तपासतात. आजवर एकही फ्रेश निघालेली नाही.

पुतण्याच्या हळदीत त्यांनी धाकट्या जावेची, कमलताईची, नवी साडी चारचौघांत सेकंड ठरवली. खालच्याच मजल्यावर राहणारी कमलताई तेव्हापासून वर आलेली नाही. काकू म्हणतात, "तिनावाचून मनं काय अडस?" पण जिन्यात पाऊल वाजलं की दार त्याच उघडतात.

आमच्या शेठनी जपानी बायकांच्या जुन्या पेहरावाच्या मिरवणुकीचे पास दिले. मी काकूंना नेलं. चूक माझीच.

रंगमंचावर पहिली आली ती एकावर एक झगे चढवून. काकू म्हणाल्या, "घरमा चोर येनार व्हतात का काय? समदं आंगवर घाली उनी. आनि म्हने फॅशन."

दुसरीचे केस तेल लावून पंख्यासारखे पसरलेले, त्यात काड्या खोचलेल्या. "डोकामा लाटनं." तिसरीचे केस जमिनीवर लोळत होते. "झाडूवालीना पगार वाचना." पाठीवरच्या गाठोड्याला त्या उशी म्हणाल्या आणि इवल्या पावलांनी चालणारीला म्हणाल्या, की ही जवळच्या कामरेजला निघाली तर दिवाळीला पोचेल. पुढच्या रांगेतल्या गुजराती बाईंनी दोनदा वळून बघितलं. त्याही सेकंड निघाल्या.

मग एकीला सगळ्यांसमोर पेहराव नेसवला. एक बाई मागून पट्टा आवळत होती, मग गुडघ्यावर बसून खालचा काठ सारखा करू लागली. निवेदिका हिंदीत म्हणाली, हे एकटीला नीट नेसता येत नाही.

काकू खुर्चीत पुढे सरकल्या. मला वाटलं, नवा शेरा येतोय.

"ती मांगेनी बाई तिनी कोन वं?"

"असेल बहीण, नाहीतर जाऊ. मला काय ठाऊक?"

"कमल अशीच बसे," काकू म्हणाल्या. "निऱ्या धराले. आते कोनी नही. म्हनीसन मी सुती लुगडं नेसनं सोडं."

"तुम्हीच तिला सेकंड म्हणालात."

"ते लुगडाले व्हतं. तिले नही."

मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. एवढं साधं वाक्य बोलायला या बाईला जपान बघावं लागलं.

परतताना काकू आपल्या मजल्यावर चढल्याच नाहीत. त्यांनी कमलताईची बेल दाबली. दार उघडलं. काकूंनी तिला नखशिखांत न्याहाळलं.

"सकायले लगीनले जानं शे," काकू म्हणाल्या. "निऱ्या धराले येशी का?"

दुसऱ्या दिवशी काकूंच्या नात्यागोत्यात कुठेच लग्न नव्हतं. मला ठाऊक होतं. एकाच घरच्या जावा, कमलताईलाही ठाऊक असणारच.

तिने दार सताड उघडलं. मग म्हणाली, "कितला वाजता येऊ?"