सागरतीरीच्या राज्याने वाट अडविली त्याची हकीकत

श्री जलाधिपती वरुणास वंदन करोन, आणि आपल्याच पांडित्यास दुरोन नमस्कार करोन, लिहिण्यास आरंभ केला. ज्या भूमीस आपले पाय मागाहून लागले, तेथे आधी उमटलेल्या पावलांस विचारोन घर बांधावे, हा धर्म. तो आम्हांस मुखोद्गत होता. आचरणात आला नाही. ते कैसे, ते निवेदन करितो.

शके १९२०, बहुधान्यनाम संवत्सरी, शहरातील छत्तीस कुटुंबे समुद्रकिनारी एक राज्य वसविती जाहली. आखीव रस्ते, एका रंगाची कौले, मध्ये पोहण्याचा तलाव, आणि प्रत्येक गॅलरीतून समुद्र दिसावा ऐसा करार. राज्याचे अधिपती सदानंदराव चित्रे. सोसायटीच्या दप्तरी त्यांस चेअरमन म्हणत. मग राज्यास शास्त्री पाहिजे म्हणोन प्रस्तुत लिहिणारास, वय सत्तर, पदवी काव्यतीर्थ, सन्मानाने बोलाविले, आणि आम्ही शाल स्वीकारोन आलो. जागा पाहिली ती अष्टमीस. ते दिवशी समुद्र शंभर कदम दूर, बहुत विनयशील दिसला, आणि तो सदैव तैसाच असतो ऐसे आम्ही सर्वांनी मनी धरिले.

त्या जागेत वाळूचा एक उंच बांध होता, त्यावर केवडा दाटलेला, आणि बांधावरोन मागच्या कोळीवाड्याची समुद्राकडे वाट. बांध गॅलरीच्या आड येतो म्हणोन हद्दीच्या आतला तेवढा सपाट केला. राहिली वाट. तिजविषयी आमचे मत पुसले, तेव्हा आम्ही तीन श्लोक म्हणोन सांगितले की, वास्तूतून परकी वाट जाणे हा मार्गवेध, तो टाळावा. मग गावाच्या अंगास भिंत जाहली, आणि वाटेवर लोखंडी दार बसवोन कुलूप घातले.

आषाढात कोळीवाड्याची चांगुणाबाई सोसायटीच्या सभेत आली. श्रावणी पुनवेस दर्यास नारळ वाहावा, त्याविना होड्या सुटत नाहीत. दुसरी वाट खाडीची, ती भरतीस बुडते. तरी तेवढा दिवस दार उघडावे, इतुकेच तिचे मागणे. सदानंदराव नम्रपणे म्हणाले की, त्याच दिवशी राज्याची वास्तुशांती आहे, पाहुणे येणार, परके लोक आत सोडणे कठीण. वास्तविक दिवस आम्हीच नेमिला होता. पौर्णिमा आमच्या लेखी श्रावणी, जानवे बदलण्याची. नारळ ध्यानी आलाच नाही. वर भर मध्यान्हीचा अभिजित मुहूर्त काढिला होता, आणि त्याचा आम्हांस अभिमान होता. चांगुणाबाईने आमच्याकडे पाहिले.

"भटजीबुवा, पुनवेला दुपारी पानी कुठवर येतं, तं तुमच्या पंचांगान लिवलंय का?"

आम्ही म्हणालो, "बाई, पंचांगात तिथी, वार, नक्षत्र, योग, करण. पाणी नसते."

"मंग अर्धंच पंचांग घेतलंव तुम्ही. तिथीची पाऊणपट करा, भरतीची येळ निंगते."

सभेत हशा जाहला. त्यात आमचाही होता. पाऊणकी आम्हांस सहाव्या वर्षापासोन पाठ. परंतु तो गुणाकार त्या दिवशी आम्ही केला नाही.

मग पौर्णिमा आली. मंडप सजला, मंडळी रेशमी वस्त्रांत बसली, आणि सदानंदरावांच्या मातोश्री, वय नव्वद, मानाच्या खुर्चीवर विराजमान जाहल्या. अकरा वाजोन गेले आणि समुद्र, अडविणारा बांध नसल्यामुळे, हिरवळ ओलांडोन मंडपात आला. प्रथम पादुका तरंगल्या, मग पाट, आणि आम्ही मंत्र म्हणतच होतो तोच होमकुंड विझले. सदानंदराव हळूच पुसते जाहले, "शास्त्रीबुवा, हे विधीत धरायचं का?" तोवर मातोश्रींच्या गुडघ्यास पाणी लागले. मग सर्व राज्य दाराकडे धावले. दारास कुलूप, आणि चावी चिटणिसांच्या पँटीत. चिटणीस सोवळ्यात, पँट खालच्या खोलीत, आणि खोली पाण्यात.

दाराबाहेर बांधाचा उरलेला तुकडा. त्यावर कोळीवाडा सोनेरी कागद लावलेला नारळ घेऊन, दार उघडेल या आशेने सकाळपासोन उभा. चांगुणाबाईने गजांतून आत पाहिले आणि आपल्या माणसांस म्हणाली, "नारळ खाली ठेवा. आधी म्हातारीला घ्या." मग आठ जणांनी दार बिजागरीतून उचलोन बाजूस ठेविले, आणि मातोश्रींस खुर्चीसकट खांद्यावर घेऊन बांधावर नेले, आणि मागोमाग आम्ही सारे ओल्या सोवळ्यांनिशी चढलो. पाणी दाराच्या उंबऱ्याशी येऊन थांबले. तेव्हा चांगुणाबाईने तेथेच वाकोन नारळ वाहिला. समुद्रच तितका चालोन आला होता. सदानंदराव हात जोडोन उभे राहिले. आम्ही तिजजवळ गेलो.

"बाई, पंधरा पाऊण?"

"सवाअकरा," ती म्हणाली. "पाठ हाय तं मंग इसरलंव कसं?"



पुढे सभेत मार्गवेधाचा निर्णय आम्हीच मागे घेतला, आणि दार पुन्हा बसविले नाही. बिजागऱ्या तेवढ्या गंजत आहेत. आतला बांध पुन्हा घातला, त्यावर केवडा लाविला, आणि तळमजल्यांच्या गॅलरीतून समुद्र आता दिसत नाही, ऐकू येतो. वास्तुशांती पुन्हा केली ती अष्टमीस, चांगुणाबाईस विचारोन.

तात्पर्य, राज्य वसले, पंडित भिजला, वाट मोकळी जाहली. कोळीवाड्याच्या होड्या भरल्या परत येवोत, मातोश्रींच्या गुडघ्यांस आराम पडो, आणि छत्तीस उंबऱ्यांस समुद्राने दुरोनच आशीर्वाद द्यावा. शुभं भवतु.