आधी पट्टा, मग गप्पा

साळवेकाकांच्या गाडीत बसून नुसत्या गप्पा मारायच्या तरी सीट बेल्ट लावावा लागतो. गाडी बिल्डिंगखाली उभी, इंजिन बंद, समोर सोसायटीची भिंत. तरी काका माझ्या खांद्याकडे बघत म्हणणार, "आधी पट्टा, मग गप्पा." एकदा मी वैतागून म्हटलं, "काका, भिंत काय चालत येऊन धडकणारे का?" तर म्हणाले, "भिंतीचा भरवसा आहे हो. मागून रिव्हर्स घेणाऱ्या कुलकर्ण्यांचा नाही."

सरळच सांगतो, मी या माणसावर जळतो. वर्तकनगरात आमच्या बिल्डिंगखाली त्यांची आणि माझी गाडी शेजारी शेजारी उभी असते. दोन्ही छोट्याच. पण त्यांची चार वर्षांपूर्वीची, सहा एअरबॅगवाली. माझी बारा वर्षांची आणि एअरबॅगच्या नावाने शंख. त्यांच्या डॅशबोर्डवर ही एवढी स्क्रीन, रिव्हर्स टाकला की मागचं मांजरसुद्धा दिसतं. माझ्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा दोन वर्षं अखंड तेवतोय. मेकॅनिक म्हणतो, "त्याच्याकडे बघू नका." आपला तो बाब्या म्हणतात खरं, पण हा बाब्या घोडबंदरचा पूल चढताना खोकतो त्याचं काय?

काका वीज खात्यातून रिटायर झालेले. आयुष्यभर 'धोका' लिहिलेल्या पाट्यांखाली काम केलेला माणूस. काकू गेल्या, मुलगा कॅनडात, घरात एकटेच. गाडी आली तेव्हा वरच्या मजल्यावरच्या आजींनी डॅशबोर्डवर ठेवायला गणपती दिला, काकांच्या मेव्हण्याने छोटी बुद्धमूर्ती दिली. काकांनी दोन्ही नमस्कार करून घरात नेऊन ठेवल्या. "इथूनच एअरबॅग उघडते," डॅशबोर्डवर टिचकी मारत ते मला म्हणाले. "वर काही ठेवलं तर थेट तोंडावर येईल." मग माझ्या गाडीत डोकावून, तिथे चिकटवलेल्या बाप्पाकडे बघून म्हणाले, "तुमचं बरंय. तुमच्यात एअरबॅगच नाही. बाप्पा निर्धास्त."

घ्या! त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

त्यात आमची मनीषा. "साळवेकाकांच्या गाडीत बसलं की कसं निवांत वाटतं," असं मला ऐकवते. अगं, माझ्या शेजारी दहा वर्षं बसतेयस, तेव्हा काय वाटत होतं? विचारलं नाही. उत्तर माहीत होतं.

पण माझा खरा डोळा होता त्यांच्या मागच्या सीटवरच्या लहान मुलाच्या खुर्चीवर. काय ती खुर्ची! मऊ गादी, दोन्ही खांद्यांवरून येणारे पट्टे. सीटच्या फटीत लोखंडी कड्या असतात, त्यात ती खटकन अडकून बसते. आमची ओवी तीन वर्षांची, आणि काकांच्या घरात मूल नाही. तरी खुर्ची कायम लावलेली. मूल नाही आणि खुर्ची आहे! देव देतो ते असं.

नवरात्रात आम्ही टेंभी नाक्याच्या देवीला निघालो आणि नेमकी माझी गाडी सुरू होईना. काका म्हणाले, "चला, मी सोडतो." ओवी दार उघडताच त्या खुर्चीत चढून बसली. काकांचा चेहरा बदलला. "नाही बाळा, उतर. ती दुसऱ्याची आहे." मनीषा म्हणाली, "मी मांडीवर घेते." "मांडीवर मूल? माझ्या गाडीत नाही."

झालं. खुर्ची रिकामी, गाडी रिकामी, आणि आम्ही तिघं रिक्षात! ओवी टेंभी नाक्यापर्यंत रडत होती. एवढा कसला तोरा? मी ठरवलं, या म्हाताऱ्याला एकदा सुनवायचंच.

रविवारी सकाळी तावातावाने खाली गेलो. काका मागचं दार उघडून, गुडघे टेकून खुर्चीशी काहीतरी करत होते. गळ्यात शिंप्याची टेप. सीटवर ठेवलेल्या फोनमधून त्यांच्या कॅनडातल्या मुलाचा आवाज येत होता.

"बाबा, चार पूर्ण झाली त्याला. केवढा उंच झालाय. ती खुर्ची त्याला होणार नाही आता."

"एक खाच शिल्लक आहे रे अजून. पट्टे वर घेतो की. दिवाळीला येताय ना?"

"सुट्टीचं जमत नाहीये, बाबा. या वर्षीही कठीणच दिसतंय."

"बरं, बरं. काळजी घ्या," काका म्हणाले. फोन बंद झाला.

मला परत फिरायचं होतं, पण नजर खुर्चीवर गेली. खुर्चीच्या पाठीवर, प्रत्येक खाचेशेजारी, पेनाने बारीक अक्षरात लिहिलं होतं: सहा महिने. एक वर्ष. दीड. दोन. असं थेट साडेतीनपर्यंत. नातू तिकडे वाढत होता, आणि हा माणूस फोनवर उंची विचारून इथे पट्टे वर चढवत होता. ज्याच्यासाठी हे सगळं, तो त्या खुर्चीत एकदाही बसला नव्हता. आणि मी त्या खुर्चीवर जळत होतो. लाज वाटली मला.

काकांनी मला बघितलं. उठून गळ्यातली टेप काढली. मग टेप माझ्या हातात देत म्हणाले, "ओवीची उंची घेऊन या. खांद्यापर्यंतची. आणि तिलाही आणा."

"काका, खरंच नको. फार तर माझ्या गाडीत लावून बघू का?"

"तुमच्या गाडीत कड्याच नाहीत," ते लगेच म्हणाले. माणूस जागेवर होता तर! मी जळलो, पण नेहमीइतका नाही.

ओवीला घेऊन आलो. काकांनी टेप लावून स्वतः पुन्हा मोजलं, पट्टे सैल केले आणि दोन खाचा खाली आणले. चार वर्षांत ते पट्टे पहिल्यांदाच खाली येत होते. मग त्यांनी तिला बसवलं, पट्टे अडकवले, पट्ट्याखाली बोट घालून ताण बघितला.

"कुठे जायचं, बाळा?"

"भुर्र!"

मी पुढे बसलो आणि कोणी न सांगता पट्टा लावला. काकांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते आरशातून मागे बघत होते.