चार फुटांची सवलत

भूगोलाच्या मास्तरांनी ठरवलं, नकाशा आपणच काढायचा. जन्मभर फळ्यावर खंडंच्या खंडं काढणाऱ्याला घरामागे एक न्हाणीघर काढता येऊ नये? (बायको म्हणाली होती, "एखाद्या जाणकाराला विचारा." मास्तरांना ते लागलं.)

निमित्त सासूबाईंच्या गुडघ्यांचं. न्हाणीघर वर, मास्तरांच्या खोलीला लागून, सासूबाई खाली. जिन्यात त्या घसरल्या तेव्हा लेकीने हायच खाल्ली. पण खाली बांधायचं तर कुंपणापासून दहा फूट मोकळे सोडायचा नियम. बांधल्यावर उरत होते जेमतेम सहा.

"चार फुटांची सवलत मिळेल," नगररचनेचे साहेब म्हणाले, "पण अडचण काय?"

"सासूबाईंचे गुडघे."

"गुडघे प्लॉटचे आहेत का?"

"अं?"

"अडचण जागेची लागते, मास्तर. माणसाची नाही. जमीन वेडीवाकडी असेल, नियम पाळून बांधताच येत नसेल, शेजाऱ्याची हरकत नसेल, तर बोला."

प्लॉट मागे निमुळता होत गेला होता. त्यापायी वर्षानुवर्षं नशिबाला बोल लावणारे मास्तर पहिल्यांदाच प्लॉटवर खूश झाले. मग सात महिने खेटे, शेजाऱ्याची लेखी संमती (त्यासाठी तीन संध्याकाळी त्याचं गाणं ऐकावं लागलं), आणि अखेर मंजुरीचा शिक्का!

गवंड्याने नकाशा उलटसुलट करून पाहिला.

"मास्तर, न्हाणीघर पुढच्या दारात बांधायचंय?"

"दारात कशाला? मागे!"

"कागदावर उत्तरेला आहे. उत्तरेला तर तुमचं दार. हा उत्तरेचा बाण उलटा काढलाय कुणीतरी."

मास्तरांच्या पायाखालची जमीनच सरकली. ते तसेच कार्यालयात धावले.

"मंजुरी उत्तरेची आहे," साहेब शांतपणे म्हणाले. "मागे हवं तर नवा अर्ज, नवी संमती."

घरी येऊन मास्तर डोकं धरून बसले.  बायकोने नकाशा घडी करून कपाटात ठेवला, ते जास्त झोंबलं. तिसऱ्या दिवशी सासूबाईच म्हणाल्या,

"जावईबापू, न्हाणीघर वर आहे ना? मग मीच वर राहते. तुम्ही दोघं खाली या."

नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं. सात महिन्यांत हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत पलंग हलले. दुसऱ्या दिवशी शाळेच्या घाईत, टॉवेल खांद्यावर टाकून मास्तरांनी वरचं दार वाजवलं.

"थांबा हो," आतून आवाज आला, "केस धुतेय."

पाऊण तासाने दार उघडलं. गरम पाणी संपलं होतं.