पाठमोऱ्या कप्तानाचे संवाद

सव्विसाव्या भागाची संहिता वाचत मास्तर चौथ्या पानावर आले आणि थबकले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मजकूर तोच होता.

मास्तर कुठल्याही शाळेत मास्तर नव्हते. परदेशी मालिकांचे संवाद ते मराठीत लिहून देत, आणि डबिंगच्या स्टुडिओत मालकीणबाईंसकट सगळ्यांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारत, म्हणून त्यांना हे नाव पडलं होतं. सध्या त्यांच्याकडे उडत्या जहाजांची एक जपानी ॲनिमे मालिका होती. एकेक भाग ते लिहीत, तो लगेच ध्वनिमुद्रित होई आणि पुढच्याच आठवड्यात टीव्हीवर दिसे. पुढचं आधी बघायचं नाही, हा मास्तरांचा नियम. पुढचं कळलं की लेखणीचा ताजेपणा जातो म्हणे.

या मालिकेत एक कप्तान होता. घोट्यापर्यंत लोळणारा कोट, करड्या केसांची एक बट कायम डाव्या डोळ्यावर, आणि पाच प्रश्नांना मिळून एकच उत्तर, तेही ‘हं’. कुणी काही विचारलं की हा वळून खिडकीबाहेर बघत उभा. मास्तरांच्या तो पहिल्या भागापासून डोक्यात गेला. घरी ते त्याला केसाळ्या म्हणत. “समोरचा बोलतोय, आणि हा ढग मोजतोय. घरचं वळणच नाही,” असं ते बायकोला सांगत. बायको दवाखान्यात औषधं देण्याच्या खिडकीवर कामाला होती. तिने जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर सबंध मालिका पाहून संपवली होती. ती नुसती “असं का” म्हणे.

आता या धंद्यातली मोठी अडचण म्हणजे ओठ. पडद्यावर तोंड तीनदा उघडलं तर मराठीतही तीनच झटक्यांत वाक्य संपवावं लागतं. पण पाठमोऱ्या माणसाचे ओठ दिसत नाहीत. त्याच्या तोंडी काहीही घाला, कोण विचारतो. मास्तरांना कधी नव्हे ते मोकळं रान मिळालं आणि त्यांनी केसाळ्याचा सगळा राग त्याच्याच तोंडून काढला.

चौथ्या भागात खलाशी ताट घेऊन येतो तेव्हा कप्तान पाठ फिरवून “नको” एवढंच म्हणतो. मास्तरांनी लिहिलं, “हे असलं कुत्र्यापुढे ठेवा.” नवव्या भागात तो जहाजावर लपून राहिलेल्या एका पोरीला उतरवून देतो आणि म्हणतो, “येऊ नकोस.” मास्तरांनी लिहिलं, “परत या जहाजावर पाऊल टाकलंस तर तंगडं मोडून हातात देईन, कार्टे.” बाराव्या भागात भर सभेत त्याला विचारतात, की गाव कुणी जाळलं. तो खिडकीकडे वळतो. मूळ संहितेत नुसती टिंबं होती. मास्तरांनी लिहिलं, “मीच जाळलं, आणि वेळ आली तर पुन्हा जाळीन.”

कप्तानाला आवाज देणारे काका रंगभूमीवर चाळीस वर्षं काढलेले नट होते. बाराव्या भागाच्या वेळी त्यांनी विचारलं होतं, की हा इथे गप्प आहे तर मीही गप्प राहू का. मास्तर म्हणाले होते, गप्प बसायचं तर तुम्हाला बोलावलं कशाला.

आणि आता सव्विसाव्या भागात कळत होतं, की ते गाव कप्तानाने जाळलंच नव्हतं. त्याच्या म्हाताऱ्या गुरूच्या हातून दिवा पडला होता. गुरूचं नाव जाऊ नये म्हणून कप्तान भर सभेत एक शब्द बोलला नव्हता, आणि त्या एका मौनावर मालिकेचा अर्धा डोलारा उभा होता. रोजचं ताट तो जहाजाच्या तळाशी लपलेल्या पोरीसाठी सोडत होता. तिला उतरवलं कारण पुढे वादळात जहाज फुटणार हे त्याला ठाऊक होतं. आणि ही पोर मोठी होऊन परत येते, आणि तो आयुष्यात पहिल्यांदा वळून माणसांच्या तोंडाकडे बघतो.

मास्तरांनी तो प्रसंग तीनदा पाहिला. केस बाजूला झाले होते. मागे दोन डोळे होते, दोन्ही भरलेले. मास्तरांनी नाक शिंकरलं आणि दवाखान्यात फोन लावला.

“हे सगळं तुला ठाऊक होतं?”

“तुम्हीच म्हणालात पुढचं सांगायचं नाही,” बायको म्हणाली. “रांग आहे इथे. ठेवते.”

स्टुडिओत संध्याकाळी सहाला ध्वनिमुद्रण होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाहिनीला भाग द्यायचा होता. मास्तर तीनलाच पोहोचले आणि त्यांनी मालकीणबाईंपुढे सगळं कबूल केलं. बाईंना ते एका दमात पचलं नाही.

“म्हणजे बाराव्या भागात तो गप्प होता?”

“हो.”

“मग बोललं कोण?”

“मी,” मास्तर म्हणाले.

बाईंनी कपाळ चोळलं. जुने भाग पुन्हा मुद्रित करू या, असं मास्तरांनी सुचवलं. ते घराघरांत दाखवून झालेत, आता लोकांच्या कानातून काढून आणणार का, असं बाईंनी विचारलं. तेवढ्यात काका आले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मास्तरांकडे पाहिलं, आणि मूळ कप्तानासारखं फक्त “हं” म्हणाले. मास्तरांना ते फार लागलं.

मग मास्तर कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले. सर्वांत अवघड होती ती या भागात पुन्हा दाखवलेली जुनी आठवण. नवव्या भागातला निरोप या वेळी समोरून दाखवला होता. तोंड तीनदा उघडत होतं. त्यात तंगडं, जहाज आणि कार्टी कुठून बसवायची? मास्तरांनी मनातल्या मनात कप्तानाची माफी मागितली, मग स्वतःला शिव्या घातल्या, मग पेन्सिल चावली. या भल्या माणसाच्या तोंडी आपण नाही नाही ते घातलं आणि तो बिचारा पाठ फिरवून उभा राहिला. त्याला उलट बोलायचीही सोय नव्हती.

साडेपाचला ते उठले तेव्हा कप्तानाच्या मूळ वाक्यांना त्यांनी हात लावलेला नव्हता. बदलली होती ती इतरांची वाक्यं. “तू एक शब्द बोलला नाहीस” याऐवजी गुरू म्हणत होता, “तू खोटं बोललास, माझ्यासाठी.” ताटाबद्दल पोर म्हणत होती, “कुत्र्यापुढे ठेवा म्हणालात. जहाजावर कुत्रा नव्हताच. मी होते.” आणि त्या निरोपाच्या आठवणीआधी तिचं वाक्य होतं, “मोठ्याने बोललात ते सगळ्यांनी ऐकलं. हळू बोललात ते मी एकटीने.”

त्यानंतर पडद्यावर कप्तान समोर आला आणि काका माईकपाशी वाकून अगदी खालच्या आवाजात म्हणाले, “येऊ नकोस.”

ध्वनिमुद्रकाला थांबवायचं बटण दाबायचं भान राहिलं नाही. बाईंनी डोळे टिपले आणि मास्तरांना बजावलं, की यापुढे पात्र गप्प असेल तर तुम्हीही गप्प. मास्तरांनी मान डोलावली. कप्तानाचं ते एक वाक्य त्यांनी काकांकडून आणखी अकरा वेळा म्हणवून घेतलं. प्रत्येक वेळी त्यांना वाटे, अजून थोडं मोठं मन दिसायला हवं. अकराव्या वेळी काकांनी कानांवरचे हेडफोन काढले. “मास्तर, माणूस चांगला निघाला हे मला पटलंय. आता मला घरी जाऊ द्या.”

भाग लागला त्या रविवारी मास्तर बायकोशेजारी खुर्ची ओढून बसले. टीव्हीकडे कमी आणि तिच्याकडे जास्त बघत होते. ती रडली. चांगली डोळ्यांना पदर लावून रडली. मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

“मूळच्यापेक्षा तुमचंच बरं झालं,” ती म्हणाली.

मास्तर सुखावले. “कुठलं वाक्य?”

“वाक्य असं नाही. मूळच्यात तो माणूस मला शेवटपर्यंत आवडला नाही. कधी बघावं तर तोंड शिवलेलं. तुमचा निदान मनातलं बोलून मोकळा होतो. मीच जाळलं म्हणतो, तंगडं मोडीन म्हणतो. माणूस वाटतो.”

मास्तर खुर्चीतून उठलेच. त्या मौनातच त्याचा सगळा मोठेपणा होता, हे तिच्या लक्षात कसं आलं नाही, असं त्यांनी विचारलं. जेवता जेवता, खिडकीवर माणसं उभी असताना अर्धवट बघितल्यावर दुसरं काय होणार. त्या बिचाऱ्याला आजवर कुणी समजूनच घेतलं नाही, आणि आता घरातल्या माणसानेही घेऊ नये, म्हणजे काय!

“मग काय म्हणणं आहे तुमचं?”

मास्तरांनी मूळ मालिकेचा पहिला भाग लावला, आवाज वाढवला आणि तिच्या हातातला मोबाईल काढून घेऊन स्वतःच्या खिशात टाकला. पडद्यावर कप्तान आला, कुणीतरी त्याला काही विचारलं, आणि तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

“बघ,” मास्तर म्हणाले, “काय सुंदर बोलतोय.”