आधी फोटो, मग चापट

गोमाशी मानेवर बसली की कुणीही चापट मारतो. आमच्या शेजारच्या कमलताई गायकवाड मात्र ओरडतात, "हलू नका! चावू द्या तिला!" आणि तुमच्या मानेशी मोबाईल नेतात.

वीज कार्यालयातून निवृत्त होऊन त्या नांद्याला आमच्या सोसायटीत राहायला आल्या. एकदा चांद्याच्या रस्त्यानं फिरताना गुरांवरची एक गोमाशी त्यांना कडकडून चावली. दुसऱ्या कुणी मलम शोधलं असतं. ताईंनी फोटो काढला.

"चावणाऱ्याचं नाव तरी कळाय नको?" मग स्वतःच दुरुस्ती केली, "चावणारीचं. नर न्हाई चावत."

तेव्हापासून सोसायटीच्या ग्रुपवर कुणी टँकरची चौकशी केली, तरी खाली गोमाशीचे हिरवे पट्टेदार डोळे येऊन पडतात. सोबत धडा : "डोळे एकमेकांला चिकटल्यात का मधी फट हाय, बघा. फट असली की बाई." पंखांवरचे ठिपकेही त्या दाखवतात. पण नेमकी जात विचारली की म्हणतात, "फोटूवरनं एवढंच. फुडं बोलले तर थाप."

पार्किंगमधल्या मीटिंगला सेक्रेटरींच्या टकलावर एक येऊन बसली. ताई खुर्चीवर चढल्या. "साहेब, मान खाली. उजेड लई झ्याक पडलाय!" साहेबांनी डोक्यावर फाईल आपटली. ताई त्यांच्याशी गणपतीपर्यंत बोलल्या नाहीत.

परवा सकाळी मी त्यांच्याकडे चहाला बसलो होतो. फोन वाजला. सोसायटीत दूध घालणाऱ्या घोटावड्याच्या दस्तगीरचाचांनी आपल्या म्हशीचा फोटो पाठवला होता. पाठीवर गोमाशी, अगदी लख्ख.

"ठिपक्यांच्या पंखाची. बाई," ताई मला म्हणाल्या. मग फोन तोंडाशी धरून चाचांना निरोप दिला, "चाचा, नीट कळंना. उद्या उजेडात काढा."

"अहो, ओळखलीत ना?"

"कालचीबी ओळखली हुती." त्यांनी चहा बशीत ओतला. "चाची गेल्यापास्नं एकलेच असत्यात. नाव सांगितलं की संपलं. मग फोटू कशाला धाडतील?" बशीवर फुंकर मारत म्हणाल्या, "आन् मला तरी सकाळी दुसरं कोण इचारतंय?"

तेवढ्यात चाचांचाच फोन आला. "ताई, म्हस लई हालतीया. पन काडतो उद्या. तुमी च्या घेतला का?"

"घेतीया की. तुमी?" ताई फोन कानाला लावून खिडकीकडे वळल्या. मी समोर आहे हे त्या विसरल्या होत्या.

मी माझा कप विसळून ठेवला आणि दार हळूच लोटून घेतलं.